नोंद ही कारकुनी नव्हे

‘केस सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग ना? दोन तासांची लिंक पाठवा, शिकतील.’ बालसंरक्षणाच्या कामात हे वाक्य आता कोणाला खटकत नाही. अधिकारी ते सोयीचे म्हणून बोलतात आणि संस्थांचे समन्वयक वेळ वाचतो म्हणून मान डोलावतात. वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनाही ते पटते, कारण त्यांच्या लेखी पोर्टल म्हणजे खरे काम आटोपल्यावर उरलेली कारकुनी. एकाला पोर्टल हवेहवेसे, दुसरीला नकोसे, पण दोघांच्या बोलण्याचा पाया एकच आहे. काम वस्तीत होते, नोंद मागाहून होते, आणि नोंद शिकणे म्हणजे कोणत्या रकान्यात काय भरून कोणते बटण दाबायचे ते शिकणे. हा पायाच मला चुकीचा वाटतो, आणि त्याची किंमत मुले मोजतात असे माझे मत आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण तो लेचापेचा नाही.

मालाड पश्चिमेला मालवणीत गेट नंबर सातच्या पुढे, आझमीनगर-अंबुजवाडीच्या पट्ट्यात काम करणाऱ्या ताईंना विचारा. उपनगर जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर मूल हजर करायचे तर मानखुर्द गाठावे लागते. मार्वे रोडच्या गर्दीतून बसने किंवा शेअर रिक्षाने मालाड स्टेशन, तिथून लोकल, मग हार्बरची गाडी; जाण्यायेण्यात निम्मा दिवस संपतो. कायद्याने मूल चोवीस तासांत समितीपुढे न्यायचे असते. सामाजिक तपासाचा अहवाल, ज्याला सगळे एसआयआर म्हणतात, तो पंधरा दिवसांत द्यायचा असतो आणि समितीचा अंतिम आदेश चार महिन्यांत निघावा अशी अपेक्षा असते. अशा कार्यकर्तीला प्रशिक्षणासाठी पुन्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला बोलावणे हा अन्याय आहे. मोबाइलवर, घरी स्वयंपाक करता करतासुद्धा ऐकता येणारा वर्ग तिला परवडतो. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या कार्यकर्तीला तर असा वर्ग नसेल तर काहीच मिळत नाही. बंगळुरूच्या निमहॅन्स संस्थेने २०२० मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाच्या पाठबळाने ‘संवाद’ उपक्रम सुरू केला. त्याच्या ऑनलाइन वर्गांमुळे मुलांच्या मानसिक आरोग्याचे शास्त्र, एरवी पोचले नसते अशा लोकांपर्यंत पोचले. हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही.

सॉफ्टवेअरची बाजूही तितकीच भक्कम आहे. हरवलेल्या मुलांसाठी ‘ट्रॅकचाइल्ड’, २०१५ मध्ये त्याला जोडून आलेले ‘खोया-पाया’, मुलांना आपापल्या राज्यात परत पाठवण्यासाठी २०२२ मध्ये आलेले ‘घर’ पोर्टल, आणि आता या साऱ्यांना एका छताखाली आणू पाहणारे मिशन वात्सल्यचे पोर्टल. बिहारमधून निघालेले मूल मुंबईच्या बालगृहात सापडते, तेव्हा दोन जिल्ह्यांतली कपाटे एकमेकांशी बोलत नाहीत, पोर्टल बोलते. कपाटातली फाइल बदलीबरोबर, गळतीबरोबर, वाळवीबरोबर नाहीशी होते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ‘कागदच बरे होते’ असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी उभा नाही.

मग तक्रार कशाबद्दल? एक उदाहरण घेऊ. ते कोण्या एका मुलीचे नाही, पण मालवणीत काम केलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. बारा वर्षांची मुलगी आहे. वर्षभर शाळा बंद. आई पहाटे घरकामाला जाते, वडील दोन वर्षांपूर्वी निघून गेले. मुलगी धाकट्या दोन भावंडांना सांभाळते आणि फावल्या वेळात आईने ठेकेदाराकडून आणलेल्या इमिटेशनच्या माळा ओवते. कार्यकर्ती दोन वेळा घरी जाऊन आली, आईशी बोलली, मुलीशी बोलली. आता ती लॅपटॉपसमोर बसते. पहिला तारांकित रकाना आहे केसचा प्रकार. त्यात एकच पर्याय निवडता येतो.

‘बालमजुरी’ निवडले तर केस कामगार खात्याच्या आणि पोलिसांच्या वाटेला लागते. शिवाय २०१६ च्या दुरुस्तीनंतर शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या व्यवसायात मदत करायला मुलांना मुभा आहे. मग ठेकेदाराचा माल घरात ओवणे हा कुटुंबाचा व्यवसाय की ठेकेदाराचा, हा प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडला जातो. ‘दुर्लक्ष’ निवडले तर दुर्लक्ष करणारी कोण? पहाटे कामाला जाणारी आई. पुढे तिला समितीसमोर आरोपीसारखे उभे राहावे लागते आणि मुलीला बालगृहात ठेवण्याचा विचार सुरू होतो. ‘एकल पालक’ निवडले तर महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेचे दार उघडू शकते, दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, मुलगी आईजवळ राहून शाळेत परतू शकते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम २(१४) मध्ये ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ कोण, याचे अनेक पोटप्रकार दिले आहेत आणि खरे मूल एकाच वेळी त्यातल्या तीन-चार प्रकारांत बसते. त्यातला कोणता पुढे करायचा हे ठरवणे म्हणजे त्या मुलीचे पुढचे वर्ष कुठे जाईल ते ठरवणे. वस्तीत दोन भेटींत जे केले ते काम, आणि इथे जे केले ती कारकुनी, असे कसे म्हणता येईल? खरा निर्णय इथेच झाला. आणि ऑनलाइन वर्गात या रकान्याबद्दल काय सांगितले जाते? ‘इथे ड्रॉपडाउन येईल, योग्य तो ऑप्शन सिलेक्ट करा.’ योग्य म्हणजे काय, हेच शिकवायचे होते.

दुसरी गोष्ट भाषेची. मालवणीतले मूल बोलते ती मुंबईची हिंदी. तिच्यात उर्दू, भोजपुरी, मराठी सगळे मिसळलेले असते. ताई मनात मराठीत विचार करते. फॉर्म बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. मुलाचे म्हणणे दोन उंबरे ओलांडून रकान्यात पोचते आणि प्रत्येक उंबऱ्यावर काहीतरी सांडते. ‘मामा ले गया’ असे मूल सांगते. रकाना विचारतो, बालकाशी नाते? मामा म्हणजे आईचा भाऊ, झाले, भरून टाकले. पण मुंबईच्या रस्त्यावर मामा म्हणजे पोलीसही असतो. शेजारचा कोणीही काका-मामा असतो, आईचा सोबती असतो, कामाला लावणारा दलालही असतो. ‘कौन से मामा?’ हा पुढचा प्रश्न विचारायचा असतो हे फॉर्म सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने रकाना भरलेला आहे. भरलेला रकाना पुढची चौकशी थांबवतो. हा सॉफ्टवेअरचा दोष नाही, कोणत्याही छापील नमुन्यात हे घडते. पण प्रशिक्षणात याची जाणीव दिली नाही तर दोष प्रशिक्षणाचा.

भाषेबाबत शहाणपण शिकायला आपल्याला दूर जायचे कारण नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. फोन निकृष्ट होते हे एक कारण, आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत होते हे दुसरे. तेव्हा ‘बायकांना तंत्रज्ञान जमत नाही’ असा अर्थ काढणारे पुष्कळ भेटले. त्या बायका वर्षानुवर्षे मुलांची वजने, जन्म, लसी वह्यांत चोख टिपत आल्या होत्या. त्यांना नोंद जमत होती. ज्या भाषेत त्यांनी मूल पाहिले होते ती भाषा त्यांच्याकडून काढून घेतली गेली होती.

तिसरा रकाना सगळ्यांत शेवटचा आणि मला सगळ्यांत भीतीदायक वाटणारा: केस बंद करण्याचे कारण. मालवणीत फॉलो-अपला गेले की हमखास मिळणारे उत्तर म्हणजे ‘गाँव गई’. मराठीत आपण म्हणतो, गावाला गेली. सॉफ्टवेअरमध्ये त्याला चपखल बसणारा पर्याय असतो, ‘स्थलांतर’. तो निवडला की केस बंद होते, महिन्याच्या अहवालात प्रलंबित केस एकने कमी होते आणि डॅशबोर्डवरचा लाल ठिपका हिरवा होतो. पण तेरा-चौदा वर्षांची मुलगी गावाला गेली याचे अर्थ किती! आजी आजारी असेल. अंबुजवाडीत झोपडे तुटले म्हणून मुलांना गावी पाठवले असेल. लग्न ठरले असेल. कुणाच्या घरी कामाला ठेवली असेल. अठरा वर्षांआधी लग्न होण्याचा धोका असलेले मूल हे कलम २(१४) मध्ये स्पष्ट नमूद आहे. म्हणजे ज्या उत्तरावर केस बंद होते, त्याच उत्तरावर ती नव्याने उघडायला हवी असू शकते. ताईंना हे कळत नाही असे मुळीच नाही. चहा पिताना विचारले तर त्या तुम्हाला दहा शक्यता सांगतील. लिंकवरच्या वर्गाने त्यांना एवढेच शिकवलेले असते की हे ज्ञान चहाबरोबर ठेवायचे आणि पोर्टलमध्ये पर्याय भरायचा.

‘नोंद शिस्तीत आणली, वेळेची बंधने घातली की मुले वाचतील’ या श्रद्धेची परीक्षा दुसरीकडे होऊन गेली आहे. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया क्लिम्बी ही आठ वर्षांची मुलगी २००० मध्ये छळाने मेली. पोलीस, रुग्णालये, सामाजिक सेवा, सगळ्यांच्या दारातून ती गेली होती आणि कोणाच्याही नोंदी एकत्र आल्या नाहीत. २००३ मध्ये लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल आला. त्यानंतरच्या वर्षांत मुलांच्या केससाठी देशभर संगणकीय नमुने बसवले गेले. पहिली तपासणी सात कामकाजी दिवसांत, सखोल तपासणी पस्तीस कामकाजी दिवसांत, प्रत्येक टप्प्याला ठरलेला फॉर्म. हेतू निर्मळ होता. पण २०११ मध्ये प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी सरकारसाठी केलेल्या आढाव्यात निष्कर्ष निघाला की व्यवस्था नियम पाळण्यात गुंतली आणि मुलाकडे पाहायला कमी पडू लागली. दोन तपासण्यांमधला भेद आणि त्यांच्या साचेबंद मुदती काढून टाका, कार्यकर्त्याच्या व्यावसायिक निर्णयशक्तीवर खर्च करा, असे त्यांनी सुचवले. संगणक फेकून द्या असे त्या म्हणाल्या नाहीत. मलाही ते म्हणायचे नाही.

आता गुप्ततेकडे येतो, कारण इथे चूक झाली तर ती मागे घेता येत नाही. एका ऑनलाइन वर्गात मी एका ताईंच्या शेजारी बसून पाहात होतो. प्रशिक्षकांनी पडदा सर्वांना दाखवत थेट खरीखुरी केस उघडली. मुलीचे नाव, वस्ती, शाळा, घडलेला प्रकार साठेक माणसांसमोर काही क्षण राहिला. कोणीतरी स्क्रीनशॉट घेतला असेल का, कुणाच्या घरात मागे कोण उभे होते, कोणी सांगू शकत नाही. प्रशिक्षकांच्या मनात काही वाईट नव्हते. त्यांना फक्त बटण दाखवायचे होते. बटण शिकवणे हेच उद्दिष्ट मानले की मूल हे उदाहरणाचा कच्चा माल होते, ते असे. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला मनाई करते आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पोक्सोच्या केसमध्ये कायदा आणखी कडक आहे.

गुप्तता ही पाश्चात्त्य सॉफ्टवेअरबरोबर आलेली नवी कल्पना आहे असेही काही जण समजतात. तसे नाही. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते मुळात गुप्ततेच्या वचनावरच. फसवल्या गेलेल्या विधवेने इथे येऊन निर्धास्त बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे तिने ठरवावे, असे त्यांनी जाहीर केले होते. आपल्या मातीतले बालसंरक्षण नावे झाकण्यापासून सुरू झाले. ज्याला पासवर्ड मिळतो त्याच्या हाती तेच वचन येते. पासवर्ड ग्रुपवर टाकणे, सगळ्यांनी एकच लॉगिन वापरणे, सायबर कॅफेत बसून केस भरणे, या गोष्टींकडे ‘छोट्या सवयी’ म्हणून पाहणे मला शक्य होत नाही.

खंडन पुरे. मग शिकवायचे कसे?

याचेही उत्तर मुंबईतच आहे, आणि जुने आहे. त्याचे मूळ मात्र अमेरिकेतले: मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ लिहून केस म्हणजे नुसती माहिती नसून पुराव्यावरून काढलेले निदान असते, ही शिस्त घालून दिली. १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकपदाखाली नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले; तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून देवनारला गेले, मानखुर्दच्या बालगृहापासून फार लांब नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइनही तिथूनच, १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने निघाली. समाजकार्याच्या आपल्या महाविद्यालयांत आजही विद्यार्थी वस्तीत जाऊन येतो, ‘रेकॉर्डिंग’ लिहितो, आणि ते घेऊन पर्यवेक्षकासमोर एकटा बसतो. या बैठकीला आयसी (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) म्हणतात. तू इथे ‘आई निष्काळजी आहे’ असे लिहिलेस, ते तू पाहिलेस की तुला वाटले? मुलगा गप्प बसला असे लिहिलेस, कोण खोलीत असताना गप्प बसला? लाल शाईतल्या अशा प्रश्नांनी नोंद शिकवली जाते. बटण कसे दाबायचे ते या बैठकीत कोणी विचारत नाही, आणि तरी नोंद करायची म्हणजे काय ते इथेच कळते. पदवीबरोबर ही बैठक संपते. नोकरीत ज्या दिवशी तिची सर्वाधिक गरज असते, त्या दिवशी कार्यकर्तीकडे एक लिंक असते.

माझे म्हणणे एवढेच की ही बैठक पोर्टलशी जोडा. ऑनलाइन वर्गाचे काम त्याला द्या: लॉगिन, फोटो चढवणे, समितीचा आदेश जोडणे, सर्व्हर बंद पडला तर काय करायचे. हे पंधरा मिनिटांच्या मराठी चित्रफितीत सांगता येते आणि नव्याने रुजू झालेल्या माणसाला पुन्हा पाहता येते. मात्र सराव काल्पनिक केसवर, सरावासाठी वेगळ्या ठेवलेल्या जागेत व्हावा. युनिसेफच्या पुढाकाराने अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या ‘प्रिमेरो’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणी कोणती केस पाहायची हे भूमिकेनुसार ठरते. तशी मर्यादा शिकवताना उघड करून दाखवता येईल. एकच काल्पनिक केस दहा जणींना द्यावी आणि दहा नोंदी शेजारी ठेवाव्यात. तिघींनी ‘दुर्लक्ष’ का निवडले आणि चौघींनी ‘एकल पालक’ का, यावर बोलताना जो तास जाईल तो खरे प्रशिक्षण. हा तास ऑनलाइनही होऊ शकतो, पण आठ-दहा जणींत, कॅमेरे चालू ठेवून आणि नावे घेऊन बोलत. साठ जणांना म्यूट करून तो होत नाही. त्यानंतर निदान काही महिने ज्येष्ठ कार्यकर्तीने नव्या कार्यकर्तीच्या नोंदी वाचून तिच्याशी बोलायचे.

‘एवढा वेळ कोणाकडे आहे?’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. त्याला मालाडमधलेच उत्तर देतो. मालवणीपासून फार दूर नसलेल्या माइंडस्पेसच्या काचेच्या इमारतींत कॉल सेंटर चालतात. तिथे क्रेडिट कार्डाच्या ग्राहकाशी बोलायला बसवण्याआधी मुलामुलींना आठवडेच्या आठवडे शिकवतात, आणि नंतरही काही काळ वरिष्ठ कान लावून त्यांचे कॉल ऐकतात. त्या धंद्यात याला ‘नेस्टिंग’ म्हणतात. कार्डाच्या बिलाची तक्रार ऐकायला एवढी तयारी परवडते. छळ झालेल्या मुलाची नोंद करायला परवडत नाही असे कोणी म्हणत असेल तर तो प्रश्न वेळेचा नाही, कोणाच्या कामाला किती किंमत देतो याचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: ज्येष्ठ कार्यकर्ती आणायच्या कुठून? कंत्राटी पदे, रिकाम्या जागा, दरवर्षी बदलणारी माणसे. हे खरे आहे. संपूर्णा बेहुरा खटल्यात ९ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बाल न्याय यंत्रणेतल्या रिकाम्या जागांबद्दल कडक शब्दांत सांगितले आणि त्याच निकालात तंत्रज्ञानाचा कल्पक वापर करायलाही सांगितले. आपण त्यातले दुसरे ऐकले, कारण ते स्वस्त पडते. माणूस नाही म्हणून पोर्टल आणले, आणि पोर्टल भरायलाही माणूसच लागतो हे लक्षात आल्यावर त्याला दोन तासांची लिंक पाठवली.

खरी केस पडद्यावर उघडली गेली त्या दिवशीच्या वर्गानंतर मी ज्या ताईंच्या शेजारी बसलो होतो, त्यांनी लॅपटॉप बंद केला नाही. आदल्या आठवड्यात ‘स्थलांतर’ म्हणून बंद करायला काढून ठेवलेली एक केस त्यांनी उघडली, कारणाचा रकाना रिकामा केला आणि खाली शेऱ्याच्या चौकटीत मराठीत लिहिले: गाव कोणते, कोणाबरोबर गेली, शाळेतून दाखला काढला का, विचारायचे आहे. आई रविवारी सकाळी घरी असते.

केस प्रलंबित राहिली.